ब्रिजला जेबी टाकल्यापासून नेक मुका वाटतोय, जोडीला कोणता पिकअप घेऊ?

काळी_चार:

नमस्कार मंडळी. पुण्यात एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपती, नवरात्र, कोजागिरी, मग लग्नसराईतली रिसेप्शनं. स्टेजवर अ‍ॅम्प नेत नाही, मल्टिइफेक्टमधून थेट मिक्सरला. गिटार लेस पॉल धाटणीची: दोन हमबकर (तारांची थरथर पकडणारे दोन कॉइलचे पिकअप), एक मानेजवळ म्हणजे नेकला, दुसरा घोडीजवळ म्हणजे ब्रिजला, दोन व्हॉल्यूम, दोन टोन, आणि नेक, दोन्ही की ब्रिज ते निवडायचा स्विच. सातआठ वर्षं जुनी.

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलाकडून सीमोर डंकन कंपनीचा जेबी हा पिकअप मिळाला, वापरलेला पण धडधाकट. ब्रिजला मीच बसवला. काळी वायर हॉट (म्हणजे सिग्नलची), लाल आणि पांढरी एकमेकींना झाळून वर टेप, हिरवी आणि उघडी वायर ग्राउंडला. वाजवला आणि जीव खूश झाला. कीबोर्डवाल्याने ब्रासचा आवाज लावला तरी माझा सोलो वर येतो. आजवर हे कधी झालं नव्हतं.

आता रडगाणं. नेकला जुनाच कंपनीचा पिकअप आहे. तो आधीही फार उजळ नव्हता, पण जेबीनंतर तोंडात लाडू धरून बोलणाऱ्या माणसासारखा वाटतोय. क्लीन कॉर्ड वाजवले तर सगळे सूर एकमेकांत कालवलेले. आणि स्विच मधे ठेवला की वेगळीच गंमत. आवाज एकदम पातळ, नाकातला, जुन्या ट्रान्झिस्टरवर बातम्या लागल्यासारखा. खालचे सूर गायब. माझं निम्मं ऱ्हिदमकाम मधल्या पोझिशनवर चालतं, त्यामुळे पंचाईत झाली आहे.

मीटर घेऊन जॅकवर रेझिस्टन्सचं रीडिंग घेतलं. ब्रिज १५.९ किलोओहम, नेक ७.२, मधे ५.०. म्हणजे नेक ब्रिजच्या निम्म्यालाही नाही. हिशोब सरळ दिसतो, नेकलाही १४-१५ किलोओहमचा तगडा पिकअप घ्यावा म्हणजे दोघे तोडीस तोड होतील. दहा हजारांपर्यंत तयारी आहे. कोणता घेऊ? गणपतीला पाच आठवडे राहिलेत.

सरळ_मार्ग:

घेऊन टाका. माझ्या गिटारला दोन्हीकडे सिरॅमिक मॅग्नेटचे गरम, म्हणजे जास्त आउटपुटचे, पिकअप आहेत, स्विच कुठेही टाका, तोच दणका. एकाच कंपनीचे घ्या म्हणजे जमतात. आणि गणपतीत मिक्सरवाला तसाही तुमचा आवाज कमीच ठेवणार आहे, फार विचार करू नका.

मोटरवाइंडिंग_मिरज:

काळी चार, पैसे खिशात ठेवा. निदान आठवडाभर तरी. तुमच्या लिहिण्यात दोन वेगवेगळे आजार आहेत आणि तुम्ही तिसऱ्याच आजाराचं औषध विचारताय.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा मोटरवाला मधेच कुठून आला. मिरजेत आमचं रिवाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. पंख्यापासून विहिरीवरच्या पंपापर्यंत सगळं येतं. मुलाने गिटार घेतली, तिचा पिकअप मेला, दुरुस्त करून देणारं आसपास कोणी नव्हतं, म्हणून मी उघडला. आत काय, तर तांब्याची तार आणि लोहचुंबक. म्हटलं हे तर आपलंच खातं. तेव्हापासून सांगली-कोल्हापूरकडची पोरं पिकअप घेऊन येतात.

पहिला पिकअप गुंडाळताना जे केलं ते सांगतो, कारण तुमच्या किलोओहमच्या हिशोबाचा त्याच्याशी संबंध आहे. कुठेतरी वाचलं की हमबकरला ४२ गेजची तार लागते. दुकानात ४२ गेजचं रीळ होतंच. लावलं मशीनवर. दोन हजारच्या आसपास वेढे झाले आणि बॉबिन तुडुंब. दोन्ही कॉइल मिळून रेझिस्टन्स आला सव्वा किलोओहमच्या आसपास. आवाज येत होता, पण शेजारच्या खोलीतून कुणी कुजबुजावं तसा. मग ट्यूब पेटली. आपल्याकडे वाइंडिंगवाल्यांत गेज म्हणजे एसडब्ल्यूजी, आणि पिकअपवाल्यांचं ४२ हे अमेरिकन, म्हणजे एडब्ल्यूजी. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. आपली ४२ म्हणजे ०.१० मिलिमीटर. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी तार ४६ नंबरची. नाव एक, माल दुसरा.

म्हणून सांगतो, किलोओहम हा आकडा तारेचा आहे, आवाजाचा नाही. तेवढेच वेढे अमेरिकन ४४ गेजच्या बारीक तारेने दिले तर रेझिस्टन्स दीडपटीच्या वर जातो. त्याने आवाज दीडपट होत नाही. आवाज किती ते ठरतं वेढे किती, चुंबक कोणतं आणि तारा चुंबकापासून किती दूर यावर. एवढंच काय, तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, अंशाला साधारण ०.३९ टक्के. थंड खोलीत २० अंशाला ८.० दाखवणारा पिकअप आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी ४० अंशाला ८.६ दाखवतो. मग काय तो उन्हाळ्यात गरम पिकअप झाला? एकाच कंपनीचे, एकाच तारेचे, एकाच चुंबकाचे दोन पिकअप समोरासमोर ठेवायचे असतील तर हा आकडा कामाचा. एरवी तार तुटलेली नाही ना एवढं बघायला ठीक.

आता निम्म्याचा मुद्दा. नेक ब्रिजपेक्षा कमी असायलाच हवा. ब्रिजजवळ तार जेमतेम थरथरते. तिथे एक टोक बांधलेलं आहे. नेकजवळ तीच तार ऐसपैस हलते. तोच पिकअप दोन्ही ठिकाणी लावा, नेकला मोठा आणि गुबगुबीत वाजेल, ब्रिजला बारीक आणि टोकदार. म्हणून ब्रिजला जास्त वेढे देतात आणि नेकला कमी. तबला-डग्ग्याची जोडी लावताना डग्गा तबल्याच्या पट्टीला चढवायला कोणी जातं का? नेकला १५ किलोओहमचा गरम पिकअप घातलात तर आत्ता तोंडात एक लाडू आहे, मग दोन होतील. सरळ मार्ग यांना दोन्हीकडचा दणका आवडतो, ते डिस्टॉर्शनवर वाजवत असतील तर त्यांचं बरोबरच आहे. तुम्हाला क्लीन कॉर्ड हवेत.

गंमत म्हणजे मूळ हमबकरला नेकचा वेगळा आणि ब्रिजचा वेगळा असा भेदच नव्हता. गिब्सनमध्ये सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने तो १९५५ मध्ये काढला, १९५७ पासून गिटारींवर लागला. खाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी असायची, म्हणून त्याला पीएएफ (पेटंट अप्लाइड फॉर) म्हणतात. त्या काळी वेढे काटेकोर मोजून बंद होणारी मशीनं नव्हती. बॉबिन भरली की थांबायचं. त्यामुळे कुणी साडेसात, कुणी साडेआठ. ज्याच्या नशिबी ब्रिजला जास्त भरलेला आला त्याची गिटार गोड वाजली. आम्ही पंख्याला हाताने वेढे द्यायचो तेव्हा असंच व्हायचं, एक पंखा वारा घालायचा आणि दुसरा नुसता फिरायचा. ब्रिजला मुद्दाम तगडा पिकअप विकत घेऊन टाकायची चाल पुढे पडली. डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन आला १९७२ मध्ये, तिथून.

तर तुमचे दोन आजार.

मधल्या पोझिशनवर आवाज पातळ, नाकातला, खालचे सूर गायब: हा फेजचा उलटसुलट प्रकार आहे. एक पिकअप तार वर गेली की धन म्हणतो, दुसरा तेव्हाच ऋण म्हणतो. दोघांची बेरीज करताना खालचे सूर एकमेकांना खातात. यात ना जेबीची चूक ना तुमची. प्रत्येक कंपनीची दिशा आपापली. उपाय सोपा आहे, खाली लिहितो.

नेक कालवलेला: याची कारणं तीन-चार असू शकतात, त्यात पिकअप सगळ्यात शेवटी. मागचं झाकण उघडून मला एवढंच सांगा की चारही पॉटवर, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टन्सवर, काय छापलंय. अक्षरासकट. आणि नेक पिकअप तारांपासून किती दूर आहे ते मोजा. दोन्ही ई तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायच्या आणि पोलच्या (पिकअपवरच्या लोखंडी खिळ्याच्या) डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं. कंपासपेटीतली स्टीलची पट्टी चालते.

फेज तपासायची युक्ती: केबल जॅकमध्ये, दुसऱ्या टोकाला मीटर, २० के (किलोओहम) वर. व्हॉल्यूम पूर्ण. स्विच ब्रिजला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या पोलांवर टेकवा आणि झटकन उचला. उचलताना आकडा क्षणभर वर उडतो की खाली, ते बघा. काटेवाला जुना मीटर असेल तर फारच छान, काटा खोटं बोलत नाही. मग स्विच नेकला टाकून तेच. दोघांचं एका दिशेला हवं.

वसईचा_बेस:

काकांनी सगळं सांगितलंच आहे. ज्यांच्याकडे स्क्रूड्रायव्हरही नसेल त्यांच्यासाठी त्याहून सोपी खूण: स्विच मधे ठेवा आणि एका पिकअपचा व्हॉल्यूम १० वरून ७-८ वर आणा. आवाज कमी होण्याऐवजी खालचे सूर परत आले आणि आवाज भरला, तर फेज उलटी आहे हे नक्की.

आणि हा आवाज काही लोक मुद्दाम करतात बरं का. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये नेक पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं आणि त्या मधल्या आवाजावर अख्खी पिढी जीव टाकते. पण ऑर्केस्ट्रात ऱ्हिदमला तो चालणार नाही, बेस आणि कीबोर्डमध्ये हरवून जाल. हे बेसवाला सांगतोय.

पुढेमागे घेतलाच तर पोलांमधलं अंतर बघा. लेस पॉल धाटणीला पहिल्या ते सहाव्या पोलचं अंतर ४९-५० मिमी लागतं. ट्रेमोलोवाल्या गिटारींसाठी ब्रिजला ५२-५३ चा वेगळा येतो. चुकीचा घेऊन पार्सल परत करणाऱ्यांची आमच्याकडे रांग आहे. त्या रांगेत मी दोनदा उभा होतो.

सरळ_मार्ग:

मी डिस्टॉर्शनवरच वाजवतो, मान्य. पण मला हे समजत नाही की कंपन्या आकडा छापतात कशाला, जर त्याला अर्थ नसेल तर?

मोटरवाइंडिंग_मिरज:

कारण तो मोजायला सोपा आहे. शंभर-दोनशेच्या मीटरवर दिसतो. खरा उपयोगी आकडा इंडक्टन्स, तो मोजायला वेगळा मीटर लागतो. जुन्या धाटणीचा हमबकर चार-पाच हेन्री, जेबीसारखा तगडा आठच्या वर, स्ट्रॅट गिटारचा सिंगल कॉइल सव्वादोन-अडीच. हेन्री जितके जास्त तितका आवाजाचा उजळपणा लवकर संपतो आणि मधले सूर पुढे येतात. ब्रिजला ते चालतं, तिथे उजळपणा मुळातच फाजील असतो. नेकला नाही चालत, तिथे आधीच दुष्काळ.

काळी_चार:

काका, तुमचे पाय कुठे आहेत?

काल रात्री कार्यक्रमाहून आल्यावर बाराला झाकण उघडलं. तीन पॉटवर ए५००के. चौथ्यावर, म्हणजे नेकच्या व्हॉल्यूमवर, बी१००के!! मग डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वी तो पॉट खरखर करायला लागला होता. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता म्हणून घराजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने त्याच्याकडे होता तो बसवून दिला. खरखर गेली, मी खूश. तेव्हापासूनच नेक दबलेला असणार, पण जुना ब्रिजही मिळमिळीत होता म्हणून फरक कळला नाही.

फेजची परीक्षाही केली. ब्रिजला आकडा वर उडतो, नेकला खाली जातो. व्हॉल्यूम ७ वर आणायची युक्तीही केली, खालचे सूर खरंच परत आले. बायको म्हणाली रात्री साडेबाराला कसला प्रयोगशाळेचा तास चाललाय.

उंची: नेक १.५ मिमी, ब्रिज २ मिमी. नेक कमी ऐकू येतो म्हणून मीच स्क्रू फिरवून वर आणला होता.

आता फेज कशी पलटू? नेकच्या पिकअपला एकच जाड वायर आहे, आत एक तार आणि बाहेरून जाळी. ती उलटी लावली तर?

मोटरवाइंडिंग_मिरज:

नेकची अजिबात उलटी लावू नका! ती जाळी पिकअपच्या खालच्या पत्र्याला आणि वरच्या झाकणाला जोडलेली असते. उलटी केलीत तर सगळा पत्रा हॉट होईल, हात लागला की घूं घूं. तुमचा जेबी चार तारांचा आहे, पलटायचा तर तोच. आत्ता काळी हॉटला आणि हिरवी ग्राउंडला आहे ना? हिरवी हॉटला लावा, काळी ग्राउंडला. लाल-पांढरी जोडी जशी आहे तशी. उघडी वायर ग्राउंडलाच राहील, तिला हलवायचं नाही.

इतरांसाठी सांगून ठेवतो, हे रंग डंकनचे आहेत. डिमार्झिओत लाल हॉट असते, काळी-पांढरी एकत्र झाळायची आणि हिरवी ग्राउंडला. एका कंपनीचं चित्र बघून दुसऱ्या कंपनीचा पिकअप लावणारे महिन्याला दोन तरी माझ्याकडे येतात.

आता तुमचा १०० के. हमबकरच्या डोक्यावर हा पॉट कायम ओझं म्हणून बसलेला असतो, तुम्ही व्हॉल्यूम १० वर ठेवला तरी. ५०० के असेल तर ओझं हलकं, वरचे सूर निसटून पुढे जातात. २५० के ला थोडे अडतात. सिंगल कॉइल मुळात चरचरीत म्हणून त्यांना २५० देतात. १०० के म्हणजे नाक दाबून गायला लावणं झालं. तुमच्या ७.२ मध्येसुद्धा त्याचा पुरावा होता, मला तेव्हा लक्षात आलं नाही. जॅकवर मोजताना पॉट पिकअपला समांतर येतो. ७.८ चा पिकअप १०० के बरोबर ७.२ दाखवणार. ५०० के लावलात की ७.७ च्या आसपास दिसेल. बघा आणि कळवा.

आणि ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर, निदान आशियातून येणाऱ्या पॉटवर तरी. व्हॉल्यूमला ए घ्या, म्हणजे आवाज हळूहळू कमी होतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पॉट मिळतील, पण मीटर घेऊन जा. ५०० छापलेल्या पॉटला २० टक्के इकडेतिकडे माफ असतं, ४१० चाही निघतो. चार मोजून बघा, सगळ्यात जास्त असेल तो नेकला लावा. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू द्या. दांड्याची लांबी आणि जाडीही जुन्याशी ताडून बघा, नाहीतर नॉब बसत नाही आणि परत गर्दीत जावं लागतं.

उंचीचं तर तुम्ही उलटंच केलंत. आवाज कमी म्हणून चुंबक तारेजवळ नेलं. जाड तारांना नेकचं चुंबक ओढतं, खालचे सूर फुगतात, सूर लांबत नाही, आणि स्पष्टपणा आणखी जातो. नेक २.५ मिमीवर न्या, जाड ई तारेच्या बाजूने थोडा जास्तच खाली. आमच्याकडे मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात. केसभर सरकवला की बंद आवाज उघडतो. पिकअपचा स्क्रू तसाच समजा. अर्धा फेरा, मग वाजवा, मग पुन्हा अर्धा. क्लीन आवाजावर करा, डिस्टॉर्शनवर काही कळत नाही. आधी नेक गोड वाटेल तिथे थांबवा, आणि मग ब्रिजला त्याच्या बरोबरीला आणा. ब्रिज जड वाटला तर ब्रिज खाली घ्या. नेकला वर ओढायचं नाही. माझ्याकडे येणारे सगळे गरम ब्रिज लावतात आणि मग नेकला त्याच्यामागे पळवतात.

वसईचा_बेस:

केबल किती लांब आहे? मल्टिइफेक्टपर्यंत दहा मीटर असेल तर तीही वरचे सूर खाते. साधारण दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा. नेकच्या बाबतीत जास्त जाणवतं.

काळी_चार:

केबल सहा मीटरची आहे. तीनची मिळाली तर बघतो.

अपडेट. शनिवारी तपकीर गल्ली. तीन दुकानं फिरलो. तिसऱ्याने पाच पॉट समोर टाकले आणि म्हणाला मोजा बापडे. ४३०, ४६५, ४४०, ५१०, ४८५. ५१० चा घेतला. ए५००के, दांडाही जुन्यासारखाच निघाला.

झाळकामात माती खाल्ली, सांगूनच टाकतो. काळी-हिरवी बदलताना हिरवीबरोबर उघडी वायरही उचलून हॉटला नेली, कारण त्या दोघी आधीपासून एकत्र झाळलेल्या होत्या आणि रात्रीचे अकरा वाजले होते. गिटार लावली आणि पिकअपला बोट लागताच असा घूं आला की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी विचारलं, मिक्सर बिघडला का. काकांनी दोन दिवस आधी स्पष्ट लिहिलं होतं की उघडी हलवायची नाही. पुन्हा उघडून उघडी वायर सोडवली आणि ग्राउंडला टाकली. गप्प झाली.

रीडिंग: नेक ७.७! काका, तुम्ही मिरजेत बसून माझ्या गिटारचा आकडा सांगितलात. स्क्रूड्रायव्हर परीक्षेत आता दोघांचा आकडा खाली जातो. मधली पोझिशन भरली, खालचे सूर आले, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळाच आवाज आहे, थोडा घंटेसारखा. नेक २.५ वर, ब्रिज २.४ वर. क्लीन कॉर्डमध्ये आता सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात.

आता प्रामाणिक प्रश्न. नेक ८० टक्के जमलाय. तरी सोलोमध्ये जेबीवरून नेकला आलो की थोडं मऊ, थोडं धूसर वाटतं. दहा हजार अजून खिशात आहेत. आता तरी घेऊ का, आणि घ्यायचाच तर काय?

मोटरवाइंडिंग_मिरज:

गणपती होऊ द्या. पाच-सहा कार्यक्रम याच्यावर वाजवा. घरात जे धूसर वाटतं ते मांडवात कधी कधी गोड लागतं, आणि उलटंही होतं.

मग घ्यावासा वाटलाच तर दोन नावं. जेबीच्या नेकला डंकनचाच जॅझ ही कंपनीनेच एकत्र विकलेली जुनी जोडी आहे. जॅझ उजळ, खालच्या सुरांना आटोपशीर, प्रत्येक तार सुटी. तुम्ही क्लीन कॉर्ड वाजवता, मल्टिइफेक्टमधून थेट मिक्सरला जाता, म्हणजे स्पीकरचा गोडवा वाट्याला येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर हाच. दुसरा डंकनचाच फिफ्टी-नाइन. खाली जास्त भरलेला, मधे थोडा पोकळ, सोलोला गोल. ब्रिज आणि नेक वेगळी माणसं वाटायला हवी असतील तर हा. दोघांत अल्निको ५ चुंबक आहे. अल्निको २ वाले नेक पिकअप लोकांना फार आवडतात, खालचे सूर मऊ आणि लोण्यासारखे. पण तुमची तक्रारच मऊपणाची आहे, त्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक शक्यता, हिला पैसे लागत नाहीत. नेकचं धातूचं झाकण स्वस्त पितळी असेल तर तेही वरचे सूर खातं. चांगल्या पिकअपवर निकेल सिल्व्हरचं असतं. झाकण दोन ठिकाणी झाळलेलं असतं. पण तुमचा झाळकामाचा इतिहास बघता हे तुम्ही करू नका. जास्त वेळ तापवलंत तर आतलं मेण वितळेल, बॉबिन वाकडी होईल, आणि मग मला ४६ नंबरची तार काढावी लागेल.

सरळ_मार्ग:

काल माझ्या नेकचा पॉट बघितला. बी२५०के. काही बोलत नाही.

काळी_चार:

सरळ मार्ग, तपकीर गल्लीत तिसरं दुकान. मीटर घेऊन जा, तो आता सवयीचा झालाय.

काका, झाकणाला हात लावत नाही, शब्द देतो. जॅझचं ठरवलं तर नवरात्रीनंतर कळवतो. कोल्हापूरला नोव्हेंबरात एक रिसेप्शन आहे, वाटेत मिरज करता येईल. गिटार घेऊन येऊ?

मोटरवाइंडिंग_मिरज:

या. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी केव्हाही. येताना तो १०० के चा पॉटही आणा, फेकू नका. माझ्याकडे एका जुन्या रेडिओला नेमका तोच लागतोय.